अशोक आणि शिंदळ माकुडी : दोन देशी सपुष्प वनस्पतींच्या संवर्धन-दर्जाचा तौलनिक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

वनस्पतीचा संवर्धन-दर्जा हा विषय सामान्यतः जीवशास्त्राच्या कक्षेतील मानला जातो. एखादी जाती संकटग्रस्त आहे, असुरक्षित आहे, की तिला तूर्त धोका नाही, हे तिची संख्या, तिचा आढळप्रदेश आणि त्यांतील घट यांवरून ठरविले जाते. परंतु घट मोजावयाची तर पूर्वी किती होते हे ठाऊक असावे लागते. आणि ‘पूर्वी’ हा शब्द आला की तो प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाकडेही येतो. पूर्वीची नोंद कोणी केली, कोणत्या हेतूने केली, कोणत्या नावाखाली केली आणि नोंदविताना काय गाळले, हे तपासल्याखेरीज आजच्या दर्जाचा अर्थ नीट लागत नाही.

प्रस्तुत शोधनिबंधात या दृष्टीने दोन देशी सपुष्प वनस्पतींची तुलना केली आहे. पहिली अशोक, म्हणजे मराठीत ज्यास सीतेचा अशोक म्हणतात तो वृक्ष (साराका असोका). दुसरी शिंदळ माकुडी (फ्रेरिया इंडिका), सह्याद्रीच्या कड्यांवर वाढणारी एक लहानशी मांसल वनस्पती. एकीचे नाव रामायणापासून घरोघरी पोहोचलेले. दुसरीचे नाव तालुक्याच्या गावीही फारसे कोणास माहीत नाही. साहजिकच पहिलीविषयी आपणांस अधिक माहिती असेल आणि दुसरीविषयी कमी, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्ष साधने तपासली असता चित्र उलटे दिसते. अशोकाचा लिखित इतिहास दोन सहस्रकांचा असूनही रानातील अशोक पूर्वी किती होता हे सांगणारे साधन जवळजवळ नाही. माकुडीचा लिखित इतिहास जेमतेम १६० वर्षांचा असूनही ती कोठे होती व कोठे आहे हे गडांच्या नावांनिशी सांगता येते. या विसंगतीची कारणे शोधणे हे या निबंधाचे उद्दिष्ट आहे.

अशोक : उपवनातील वृक्ष

संस्कृत साहित्यात अशोक विपुल आहे. वाल्मीकि रामायणातील अशोकवनिका सर्वपरिचित आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकाचे तर कथानकच अशोकाच्या दोहदाभोवती फिरते. सुंदर स्त्रीच्या पदाघाताने अशोक फुलतो असा कविसंकेत. राणी धारिणीच्या पायाला इजा झाल्यामुळे ते काम मालविकेकडे येते आणि त्या निमित्ताने राजाची व तिची भेट होते. पंचवटीच्या कल्पनेत वड, पिंपळ, बेल व आवळा यांच्या जोडीला अशोक आहे. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्ट यांनी १६१२ मध्ये काशी येथे ‘निर्णयसिंधु’ रचला. त्यात चैत्र शुद्ध अष्टमीस अशोकाच्या आठ कळ्या प्राशन कराव्यात असे अशोकाष्टमीचे विधान आले आहे.

या उल्लेखांचे वाङ्मयीन मोल निर्विवाद आहे. तथापि वनस्पतीच्या इतिहासाचे साधन म्हणून त्यांकडे पाहिले असता एक बाब लक्षात येते. रावणाची अशोकवनिका हे राजाचे उपवन आहे; अग्निमित्राचा अशोक प्रमदवनात आहे; पंचवटीतील अशोक विधिपूर्वक लावावयाचा आहे. म्हणजे साहित्यात आलेला अशोक बहुतांशी लावलेला आहे. ओढ्याच्या काठी, सदाहरित रानाच्या सावलीत, कोणी न लावता उगवणारा अशोक कवीच्या दृष्टीस क्वचितच पडतो. त्याचा हंगाम, रंग आणि तांबूस लोंबती कोवळी पालवी यांचे वर्णन अचूक आहे. परंतु तो कोणत्या डोंगरात, किती दाट होता, हे विचारण्याचे कवीस कारणच नव्हते. त्याच्या फुलाला पाकळ्या नसतात आणि जो केशरी-तांबडा रंग दिसतो तो संदलांचा असतो, ही गोष्टही कवींना सांगावीशी वाटली नाही, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचेही कारण नाही.

वैद्यकीय परंपरेची नोंद निराळ्या प्रकारची आहे. अकराव्या शतकातील चक्रदत्ताच्या ग्रंथात रक्तप्रदरावर अशोकाच्या सालीचा दुधातील योग आढळतो. पुढे ‘भैषज्यरत्नावली’त अशोकारिष्टाचा पाठ आला आणि आज औषधाच्या दुकानात बाटलीवर जे नाव वाचावयास मिळते ते तेथून आले. या नोंदीत झाड नाही, साल आहे. कवीने फूल पाहिले, वैद्याने साल पाहिली. वैद्याच्या घरामागील एखाद्या झाडाची साल वेळप्रसंगी काढणे आणि कारखान्याने वर्षभराची मागणी नोंदविणे यांत जे अंतर आहे ते विसाव्या शतकात पडले.

नावाचा प्रवास : जोन्स मावळतात, अशोक उरतो

अशोकाची आधुनिक वनस्पतिशास्त्रीय नोंद मलबारपासून सुरू होते. डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड यांच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या बारा खंडांच्या ग्रंथाच्या पाचव्या खंडात (१६८५) हा वृक्ष ‘अस्जोगम’ या नावाने चित्रासह आला आहे. या ग्रंथाच्या सिद्धतेत मलबारी वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबरच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी ब्राह्मणांचा सहभाग होता आणि त्यांचे निवेदन नागरी लिपीत ग्रंथात छापलेले आहे. देशी माहितगारांचा असा नामनिर्देश पुढील दोन शतकांच्या ग्रंथांत सहसा आढळत नाही, म्हणून त्याचा येथे मुद्दाम उल्लेख केला.

१७६७ मध्ये लिनियस यांनी ‘साराका इंडिका’ हे नाव प्रसिद्ध केले. ते ज्या नमुन्यावर आधारलेले होते तो जावा बेटातील होता. भारतातील अशोकाचे स्वतंत्र वर्णन विल्यम रॉक्सबर्ग यांनी केले. ते ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या चौथ्या खंडात (१७९५) प्रसिद्ध झाले आणि त्यांनी दिलेले नाव होते ‘जोनेशिया असोका’. वनस्पतीच्या शास्त्रीय नावातील पहिले पद प्रजातीचे आणि दुसरे जातीचे असते. रॉक्सबर्ग यांनी पहिले पद नुकतेच दिवंगत झालेले सर विल्यम जोन्स यांच्या स्मरणार्थ योजिले आणि दुसऱ्या पदात संस्कृत नाव ठेवले. यात थोडा विरोधाभास आहे. भारतीय वनस्पतींना त्यांची भारतीय नावेच मिळावीत असा आग्रह धरणारे स्वतः जोन्सच होते. त्यांच्या आवडत्या वृक्षाला त्यांचेच नाव देऊन त्यांच्या मित्राने तो आग्रह निम्मा पाळला.

‘जोनेशिया’ हे नाव एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातही चालत होते. पुढे ती प्रजाती आणि लिनियस यांची साराका एकच असल्याचे मान्य झाल्यावर हूकर यांच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’त आपला अशोक ‘साराका इंडिका’ म्हणून गेला आणि त्याच नावाने पाठ्यपुस्तकांत स्थिरावला. भारतातील अशोक व जावातील साराका या भिन्न जाती आहेत हे १९६७-६८ च्या सुमारास डच अभ्यासकांनी स्पष्ट केले, तेव्हा द विल्ड यांनी रॉक्सबर्ग यांचे दुसरे पद परत आणून ‘साराका असोका’ हे नाव रूढ केले. म्हणजे पावणेदोनशे वर्षांत जोन्स गेले, ‘इंडिका’ गेले आणि ‘अशोक’ उरला.

परंतु शास्त्राने जे नाव परत मिळविले ते लोकव्यवहाराने दुसऱ्याच झाडाला देऊन टाकले आहे. शाळा, कचेऱ्या आणि गृहसंस्थांच्या कुंपणालगत सरळसोट वाढणारा, लांब लहरी पानांचा जो वृक्ष सर्वत्र दिसतो, ज्याची पाने तोरणात आंब्याच्या पानांबरोबर ओवली जातात, त्यालाही मराठीत अशोकच म्हणतात. तो सीताफळाच्या कुलातील आहे. त्यास खोटा अशोक म्हटले जाते, पण ते वनस्पतिशास्त्राच्या वर्गात. व्यवहारात खऱ्यालाच ‘सीतेचा’ हे विशेषण लावावे लागते. या नामसाम्याचा संवर्धनाशी थेट संबंध आहे, तो पुढे येईल.

शिंदळ माकुडी : उशिरा लागलेला शोध

माकुडीचा इतिहास जुन्नर परिसरात सुरू होतो. पुण्याजवळील दापोडी येथे कंपनी सरकारची बाग होती आणि १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन तिचे अधीक्षक होते. जुन्नरजवळील हिवरे (इंग्रजी कागदपत्रांतील ‘हेवरा’) येथे औषधी वनस्पतींच्या लागवडीची जोडबाग होती. लष्करी रुग्णालयांना लागणारी औषधे विलायतेहून मागविण्याऐवजी येथेच पिकवावीत हा त्यामागील हेतू. गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. त्यांच्यानंतर त्या पदावर आलेले निकोल अलेक्झांडर डॅल्झेल मूळचे जकात व अबकारी खात्यातील. दोघांनी मिळून १८६१ मध्ये ‘द बॉम्बे फ्लोरा’ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथात माकुडी नाही.

ती त्यांना अद्याप सापडली नव्हती, असाच याचा अर्थ घ्यावा लागेल. १८६४-६५ मध्ये डॅल्झेल यांनी लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात तिचे वर्णन केले, आणि नुसती नवी जाती म्हणून नव्हे तर नवी प्रजाती म्हणून केले. त्यास आधारही होता. ज्या गटात ही वनस्पती मोडते त्यातील बहुतेक वनस्पतींना पाने जवळजवळ नसतातच; हिरवे मांसल खोडच पानाचे काम करते. माकुडीला मात्र ठळक मांसल पाने आहेत. पावसाळ्यात ती भरतात, उन्हाळ्यात गळतात आणि मग खडकाच्या फटीतून लोंबणारी बोटभर जाडीची करडी-हिरवी खोडे तेवढी उरतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्यांवर पाच टोकांची, गर्द तांबडी, पिवळसर ठिपक्यांची तारकाकृती फुले येतात. ज्याने एकदा ते फूल पाहिले तो ते विसरत नाही. परंतु ते पाहावयाचे तर कड्याच्या काठाशी ओणवे व्हावे लागते.

डॅल्झेल यांनी या प्रजातीला तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचे नाव दिले : ‘फ्रेरिया इंडिका’. फ्रिअर यांचा आणि या प्रदेशाचा संबंध केवळ नावापुरता नव्हता. १८४८ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांच्या निधनानंतर दत्तकाचा प्रश्न निर्माण झाला, तेव्हा फ्रिअर साताऱ्यास रेसिडेंट होते आणि दत्तकास मान्यता द्यावी असे त्यांचे मत होते. डलहौसी यांनी ते मानले नाही. संस्थान खालसा झाले आणि फ्रिअर तेथेच कमिशनर झाले. पुढे १८६२ ते १८६७ या काळात ते मुंबईचे गव्हर्नर होते आणि त्यांच्याच कारकिर्दीत मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडण्यात आले. ज्यांच्या आज्ञेने एका किल्ल्याचे तट गेले त्यांचे नाव डोंगरी किल्ल्यांच्या कड्यांवर वाढणाऱ्या वनस्पतीस मिळावे, हा योगायोगच.

देशी नाव याहून जुने असणार. माकुडी, माकडशिंग ही नावे याच गटातील इतर वनस्पतींना मिळतात; त्यांची खोडे गुराखी कच्ची खातात. ‘शिंदळ’ या शब्दाचा मराठीतील अर्थ सर्वांस ठाऊक आहे. दिसावयास माकुडीसारखी परंतु अस्सल माकुडी नव्हे, अशी तुलना या नावात असावी असे म्हणता येईल. तसे असल्यास कड्यावर शेळ्या राखणाऱ्यांनी दोन जवळच्या जातींतील भेद आधीच ओळखला होता. डॅल्झेल यांनी त्यावर प्रजातीचे शिक्कामोर्तब केले.

या नावाचा पुढील प्रवास अशोकाच्या नेमका उलट झाला. १९५८ मध्ये इंग्रज अभ्यासक रोली यांनी माकुडीची स्वतंत्र प्रजाती मोडून ती कॅरालुमा प्रजातीत घातली. त्या प्रजातीत ‘इंडिका’ हे पद आधीच दुसऱ्या वनस्पतीस दिलेले असल्याने नवे पद शोधणे भाग होते. रोली यांनी फ्रिअर यांचेच नाव पुढे सरकविले आणि ‘कॅरालुमा फ्रेरी’ असे नाव झाले. पुढे ती बौसेरोशिया प्रजातीत गेली, तेथेही दुसरे पद ‘फ्रेरी’च राहिले. २०१७ मध्ये तर हा सगळा गटच कंदीलपुष्पांच्या सेरोपेजिया प्रजातीत विलीन करण्याचा प्रस्ताव आला. अशोकाच्या बाबतीत साहेबाचे नाव गळून देशी नाव राहिले. माकुडीच्या बाबतीत ‘इंडिका’ गळून साहेबाचे नाव राहिले. नामकरणाच्या नियमांनी हे घडविले, कोणाच्या हेतूने नव्हे. तरीही या घटनेचे परिणाम कागदावर झालेच.

दर्जा ठरविणारी साधने

डॅल्झेल यांच्या पद्धतीत एक गुण होता जो कालिदासात असण्याचे कारण नव्हते : नमुना, स्थळ आणि संग्राहक यांची नोंद. वाळविलेल्या वनस्पतीच्या प्रत्येक पत्रकावर ती कोठे, केव्हा आणि कोणी गोळा केली हे लिहिलेले असते. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा वनस्पतिकोश (१९०१-१९०८), भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पुणे येथील पश्चिम विभागाचा पत्रकसंग्रह, सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर सांतापाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा रुईकुलावरील अभ्यास (१९६२) या मालिकेमुळे माकुडीच्या आढळस्थळांची यादी हळूहळू वाढत गेली. प्रथम जुन्नर परिसरापुरती ज्ञात असलेली ही वनस्पती शिवनेरी, पुरंदर व वज्रगड, सज्जनगड, रंधा धबधबा अशा स्थळी नोंदविली गेली.

येथे साधनांचे वाचन सावधपणे करावे लागते. स्थळांची संख्या वाढली म्हणजे माकुडी वाढली असे नव्हे. तिला ओळखणारे वाढले. उलट प्रत्येक स्थळी ती एखाद्या कड्याच्या मोजक्या फटींपुरतीच आहे हे या नोंदींवरूनच उघड झाले. भारतीय वनस्पतींच्या लाल नोंदपुस्तकाचे तीन खंड १९८७ ते १९९० या काळात प्रसिद्ध झाले, तेव्हा माकुडीला त्यात जागा मिळाली ती या नेमक्या नोंदींमुळे.

अशोकाचा दर्जा निराळ्या वाटेने ठरला. १९९७ च्या जानेवारीत औषधी वनस्पतींच्या मूल्यांकनासाठी तज्ज्ञांच्या कार्यशाळा झाल्या. त्यांच्या आधारे आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या (आययूसीएन) १९९८ च्या लाल यादीत अशोक ‘असुरक्षित’ या वर्गात नोंदविला गेला. ते मूल्यांकन १९९४ च्या निकषांनुसार होते. २००१ मध्ये ते निकषही बदलले. एकत्र बसून, अनुभवाच्या आधारे, उपलब्ध माहितीवर मत देणे ही अशा कार्यशाळेची रीत असते आणि घाईच्या काळात ती उपयुक्तही असते. परंतु कोकण व गोव्यातील ओढ्यांपासून ईशान्य भारत, श्रीलंका आणि म्यानमारपर्यंत पसरलेल्या, शिवाय देवळे व बागांतून शतकानुशतके लावल्या गेलेल्या वृक्षाची पूर्वस्थिती अनुभवाने सांगणे कठीणच. रानातला कोणता आणि कोणे एके काळी लावलेला कोणता, येथपासूनच अडचण सुरू होते. जी वनस्पती सर्वांस माहीत आहे तिची नोंद करण्याची निकड कोणास वाटत नाही. अशोकाच्या बाबतीत प्रसिद्धी हीच साधनांच्या दारिद्र्याचे कारण ठरली.

कायद्याच्या नजरेतून

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये वनस्पतींचा समावेश प्रथम १९९१ च्या दुरुस्तीने झाला. त्या वेळी सहाव्या अनुसूचीत सहा नोंदी होत्या : बेडोमचा सायकस, निळी व तांबडी व्हँडा ही ऑर्किडे, लेडीज स्लिपर ऑर्किडे, कुष्ठ आणि घटपर्णी. अशोक त्यात नव्हता आणि माकुडीही नव्हती.

माकुडीला संरक्षण मिळाले ते परदेश व्यापाराच्या नियमांत. रानातून गोळा केलेल्या ज्या २९ वनस्पती व वनस्पतिगटांच्या निर्यातीवर १९९८ च्या सूचनेने बंदी घालण्यात आली, त्यांत सर्पगंधा, रक्तचंदन आदींबरोबर फ्रेरिया इंडिका नावानिशी आहे. वास्तविक माकुडीचा टनावारी व्यापार कधीच नव्हता. तिचे गिऱ्हाईक म्हणजे निवडुंगवर्गीय वनस्पतींचे हौशी संग्राहक. एखाद्या पिशवीतून मूठभर खोडे नेली तरी एका कड्यावरील समूह निम्मा होऊ शकतो. खोडाचा तुकडा सहज रुजत असल्याने युरोपातील काचघरांत ती केव्हाच सुखाने नांदत आहे. धोका आहे तो तिच्या रानातील वस्तीला : कड्यावर चरणाऱ्या शेळ्या, हिवाळ्यानंतरचे वणवे, दरडी आणि डोंगर खणून होणारे रस्ते यांचा. यांपैकी एकही गोष्ट निर्यातबंदीच्या कक्षेत येत नाही.

त्या यादीत अशोक नाही. त्याची साल देशातल्या देशातच खपते. येथे भारतीय वन अधिनियम १९२७ मधील वनोपजाची व्याख्या पाहणे उद्बोधक ठरते. लाकूड, कोळसा, काथ, राळ, लाख, मोहाची फुले यांच्या रांगेत तेथे ‘साल’ हा शब्द आहे आणि ती वनात मिळो वा अन्यत्र, तिला वनोपजच मानले आहे. म्हणजे वसाहतकालीन कायद्याने वाहतुकीच्या परवान्यासाठी साल पाहिली. ती कोणत्या झाडाची हे पाहणे त्या व्याख्येचे काम नव्हते. वैद्याच्या पोथीत साल, कारखान्याच्या खरेदीपत्रकात साल आणि कायद्यातही साल. अशोक नावाचे झाड या तिन्ही कागदांत कोठेच उभे नाही.

सालीचा व्यवहार

झाडाची साल त्याच्या आयुष्याशी निगडित असते. पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे नेणारा थर सालीच्या आतील अंगास असतो. बुंध्याच्या एका बाजूची उभी पट्टी काढली तर जखम भरून येते. साल सभोवार काढली तर मुळे उपाशी राहतात आणि झाड उभ्याउभ्या वाळते. वजनावर पैसे मिळत असतील आणि पुढील वर्षी त्याच झाडाकडे परत येण्याची शाश्वती नसेल, तर पट्टी काढण्याचा संयम कोण दाखवील? अशोकाच्या शेंगेत बिया थोड्या असतात आणि त्या वाळल्या की उगवणशक्ती लवकर गमावतात. लावलेले रोप साल काढण्याजोगे होण्यास दीर्घ काळ जातो. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने (स्थापना २०००) अग्रक्रमाने लागवड करावयाच्या ३२ वनस्पतींत अशोकाचा समावेश केला आहे, तो या तुटवड्यामुळेच.

तुटवड्याचा दुसरा परिणाम म्हणजे भेसळ. वाळलेल्या सालीच्या तुकड्यावरून झाड ओळखणे अवघड असते आणि बाजारात ‘अशोकसाल’ म्हणून खोट्या अशोकाची साल येते, हे औषधिद्रव्यांच्या परीक्षणातून वारंवार दिसून आले आहे. नामसाम्याचा मुद्दा येथे पुन्हा उपस्थित होतो. कुंपणाच्या अशोकाची साल देणारा प्रत्येकजण फसवणूक करीत असेलच असे नाही. त्याच्या भाषेत तो अशोकच आहे. या भेसळीने रुग्णाची हानी होते, परंतु खऱ्या अशोकावरील भार काही अंशी तिनेच हलका केला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. वृक्षाचे संरक्षण त्याच्या तोतयाने करावे, अशी ही चमत्कारिक स्थिती आहे.

गड आणि कडा

माकुडीच्या बाबतीत अधिवासाचा इतिहास निराळा विचार मागतो. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड ही नावे मराठ्यांच्या इतिहासात आली ती त्यांच्या दुर्गमतेमुळे आणि माकुडी तेथे राहिली तीही त्याच कारणाने. ज्या कड्यावर शत्रू चढू शकत नव्हता तेथे शेळीही सहसा पोहोचत नसे. गडांचे राजकीय महत्त्व १८१८ नंतर संपले, तरी कड्यांची दुर्गमता राहिली. ती कमी होऊ लागली अलीकडे, वाटा, रेलिंगे, पायऱ्या आणि वाहनतळ आल्यापासून.

शिवनेरी हे केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. २०२५ च्या जुलैमध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने ज्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांतही शिवनेरी आहे. स्मारकाचे संरक्षण म्हणजे प्रामुख्याने बांधकामाचे संरक्षण. आणि दगडी बांधकाम टिकवावयाचे तर त्यात रुजणारी झाडेझुडपे काढावी लागतात, हे पुरातत्त्वीय जतनाचे जुने सूत्र आहे. माकुडी चिऱ्यांत नव्हे तर नैसर्गिक खडकात वाढते. तरीही साफसफाईच्या कंत्राटात तट कोठे संपतो आणि कडा कोठे सुरू होतो हे लिहिलेले नसेल, तर विळा चालविणाऱ्याने ते कसे ओळखावे? इतिहासाच्या प्राध्यापकांना गडांच्या जतनविषयक समित्यांवर बोलावले जाते. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना क्वचितच. या एका बाबतीत दोन्ही विभागांनी एकत्र चढण चढण्यास हरकत नसावी.

पुनर्रोपणाचे प्रयत्न झाले आहेत. शिरवळजवळील नौरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्राने माकुडीची रोपे तयार करून ती सह्याद्रीत पुन्हा लावण्याचे काम केले. अशा कामाला जुन्या पत्रकांवरील स्थळनोंदींचा उपयोग होतो, कारण पूर्वी ती कोठे होती हे माहीत असल्यानेच ती कोठे परत लावावी हे ठरविता येते. अशोकासाठी असे काम करावयाचे झाले तर कोणत्या ओढ्याचे नाव घ्यावे, हा पहिलाच प्रश्न अडतो.

नोंदवहीतील रकाना

जैविक विविधता अधिनियम २००२ नुसार स्थानिक संस्थांनी आपल्या क्षेत्रातील लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी हे काम महाविद्यालयांच्या साहाय्याने झाले आहे. तिच्यात स्थानिक नावासाठी आणि शास्त्रीय नावासाठी वेगवेगळे रकाने असतात. ‘अशोक’ एवढेच लिहून शास्त्रीय नावाचा रकाना मोकळा ठेवला, तर ती नोंद कुंपणाच्या झाडाची आहे की ओढ्याकाठच्या, हे पन्नास वर्षांनंतरच्या अभ्यासकास कळणार नाही. आणि कवींनी, वैद्यांनी व कायद्याने जे रिकामे ठेवले तेच पुन्हा रिकामे राहील. जे झाड रानात आपोआप उगवले आहे आणि जे कोणी लावले आहे, एवढा एक भेद जरी नोंदविला गेला, तरी अशोकाच्या इतिहासात प्रथमच तशी नोंद होईल.

माकुडीच्या बाबतीत अडचण दुसऱ्या रकान्याची आहे. निर्यातबंदीची यादी तिला फ्रेरिया म्हणते, नवे वर्गीकरण बौसेरोशिया म्हणते, आणि त्याच शासकीय यादीत रोमन लिपीत दिलेले देशी नाव ‘शिंदळ मांकुंडी’ असे वाचावे लागते. जुन्नरच्या डोंगरात शेळ्या राखणाऱ्यास ते वाचून दाखविले, तर तो आधी नाव दुरुस्त करील आणि मग ती कोठे उगवते ते सांगेल.